लेख चोरला गेला म्हणून गूगल तुम्हाला शिक्षा करत नाही

पेणहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील मुख्य भाग येथे देत आहे.

“गेली ९ वर्षे मी रानभाज्या आणि आमच्याकडील जुन्या पाककृती यांचे एक मराठी संकेतस्थळ चालवते. सासूबाईंकडून आणि पेणच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या कातकरी व ठाकर बायकांकडून विचारून, स्वतः करून पाहून मी सुमारे ३०० लेख लिहिले आहेत. गेल्या पावसाळ्यात लक्षात आले की बातम्यांच्या एका मोठ्या पोर्टलने त्यांपैकी निदान ६० लेख माझ्या छायाचित्रांसकट उचलले आहेत. काही जसेच्या तसे, काही शब्द फिरवून. गूगलवर शोधले की त्यांचे पान वर दिसते, माझे खाली जाते किंवा दिसतच नाही. वेबसाइट करून देणाऱ्या एका गृहस्थांचे म्हणणे असे की डुप्लिकेट मजकुरामुळे गूगलने माझ्या साइटला पेनल्टी लावली आहे आणि आता सर्व लेख नव्याने लिहून घ्यावे लागतील, प्रत्येक लेखामागे पैसे देऊन. मी लेख आधी फेसबुकवर टाकते आणि दोन-तीन आठवड्यांनी साइटवर चढवते. दोन लेख एका दिवाळी अंकाने माझ्या परवानगीने त्यांच्या वेब आवृत्तीत घेतले आहेत. तेही चुकले का? सर्वांत जास्त लागले ते हे की शेवळाच्या भाजीच्या लेखात त्यांनी ‘काकड’ या शब्दाचे ‘काकडी’ करून टाकले आहे. शिवाय माझी भाची निवडक लेखांचे इंग्रजी भाषांतर करते आहे, ते याच साइटवर ठेवले तर डुप्लिकेट धरले जाईल का?”

सप्रेम नमस्कार.

आपण एकही लेख नव्याने लिहू नका आणि त्या गृहस्थांना त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. ज्या पेनल्टीची भीती आपल्याला घातली जात आहे ती त्या अर्थाने अस्तित्वातच नाही, आणि हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलनेच आपल्या वेबमास्टरांसाठीच्या ब्लॉगवर हा समज खोडून काढला होता, आणि डिसेंबर २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी वेबवरील सुमारे २५ ते ३० टक्के मजकूर कुठल्या ना कुठल्या मजकुराची नक्कलच असतो, असे सांगितले होते. एवढ्या मजकुराला शिक्षा करायची ठरवली तर शोधयंत्राकडे दाखवायला फारसे उरणार नाही. गणेशोत्सवाच्या दिवसांत गणपतीची आरती शोधून पाहा. तेच शब्द असंख्य संकेतस्थळांवर आहेत आणि त्यांपैकी कुणालाही त्यासाठी बाहेर काढलेले नाही. पीटीआयची एकच बातमी एकाच दिवशी अनेक वृत्तपत्रांच्या साइटवर येते, तिथेही तसेच.

तरीही शंका राहू नये म्हणून आज एवढे करा. गूगलचे सर्च कन्सोल ही सुविधा मोफत आहे. त्यात आपल्या साइटची मालकी सिद्ध केली की ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ नावाचा अहवाल दिसतो. गूगलच्या माणसांनी एखाद्या साइटवर कारवाई केली असेल तर तिची नोंद तिथे असते. तो अहवाल रिकामा असेल, आणि माझ्या अंदाजाने तो रिकामाच असेल, तर तोच पडदा त्या गृहस्थांना दाखवा आणि पेनल्टी नेमकी कुठे आहे ते विचारा.

मग प्रत्यक्षात घडते काय? घडते ती निवड. शोधयंत्राचा क्रॉलर पाने गोळा करून आणतो, त्यांतील एकसारखी पाने एका गटात टाकली जातात आणि प्रत्येक गटातून एक पान प्रतिनिधी म्हणून निवडले जाते. त्याला कॅनॉनिकल म्हणतात. शोधणाऱ्याला शक्यतो तेच पान दाखवले जाते आणि बाकीची मागे ठेवली जातात, कारण एकाच मजकुराची दहा पाने ओळीने आली तर वाचकाचा काहीच फायदा नसतो. मागे राहिलेल्या पानाने काही गुन्हा केलेला नसतो. मात्र जिची वस्तू आहे तिचेच पान मागे राहते तेव्हा ते शिक्षेसारखेच वाटते, आणि ते वाटणे मला पूर्ण कळते.

दोन पाने सारखी आहेत हे यंत्र कसे ठरवते, हे कळले तर ‘शब्द फिरवण्या’चा उद्योग किती पोकळ आहे तेही कळेल. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे पाडायचे आणि दोन पानांत किती तुकडे समान निघतात ते पाहायचे. आपलेच वाक्य घेऊ. “टाकळ्याची कोवळी पाने पहिल्या पावसानंतर आठवडाभरात खुडावीत.” चार-चार शब्दांचे तुकडे पाडले तर पहिला तुकडा ‘टाकळ्याची कोवळी पाने पहिल्या’, दुसरा ‘कोवळी पाने पहिल्या पावसानंतर’, तिसरा ‘पाने पहिल्या पावसानंतर आठवडाभरात’ आणि चौथा ‘पहिल्या पावसानंतर आठवडाभरात खुडावीत’. आता कुणी ‘आठवडाभरात’ काढून तिथे ‘लवकरच’ घातले, तर शेवटचे दोन तुकडे बदलतील, पहिले दोन तसेच राहतील. आठशे शब्दांच्या लेखात असे ७९७ तुकडे पडतात आणि एक शब्द बदलल्याने त्यांतले फार तर चार बिघडतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याहून आटोपशीर पद्धत आहे: प्रत्येक पानाचा ६४ बिटांचा, म्हणजे शून्य-एकाच्या ६४ अंकांचा, ठसा काढायचा आणि दोन ठशांत तीन बिटांपर्यंतच फरक असेल तर ती पाने जवळपास एकच मानायची. ही पद्धत त्यांनी ८ अब्ज पानांच्या संग्रहावर तपासली होती. आज नेमके काय वापरले जाते ते गूगल उघड करत नाही, पण यातून एवढे समजावे की शीर्षक बदलले, वर-खाली दोन ओळी जोडल्या, मेनू आणि जाहिराती वेगळ्या असल्या, तरी मधला मजकूर ओळखला जातो. फार शब्द फिरवले तर मात्र ते पान आपल्या गटात पडत नाही. ते स्वतंत्र पान म्हणून आपल्या पानाशी स्पर्धा करते. आपल्या ६० लेखांत दोन्ही प्रकार असणार.

गटातून प्रतिनिधी निवडताना यंत्र ज्या खुणा पाहते त्यांत ‘खरा लेखक कोण’ ही खूण थेट नसते, आणि आपली खरी अडचण इथे आहे. गूगलकडे लेखाचा जन्मदाखला नसतो. पान प्रथम कुठे दिसले, त्याकडे बाहेरून किती लिंक येतात, साइटच्या आतून त्याकडे कसे निर्देश आहेत, पत्ता सुरक्षित जोडणीचा, म्हणजे एचटीटीपीएसचा आहे का, एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणारा रीडायरेक्ट आहे का, साइटमॅपमध्ये म्हणजे साइटच्या पानांच्या यादीत कोणता पत्ता दिला आहे, पानाचा मुख्य पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग कोणता आहे, अशा खुणांची बेरीज तिथे होते. मोठ्या पोर्टलवर क्रॉलर दिवसभर फेऱ्या मारत असतो; आठवड्याला एखादा लेख येणाऱ्या छोट्या साइटकडे तो निवांतपणे येतो. आणि आपण स्वतःच लेख आधी फेसबुकवर देऊन साइटवर दोन-तीन आठवडे उशिरा टाकत असाल, तर पोर्टलने फेसबुकवरून उचललेला लेख यंत्राच्या दृष्टीने खरोखरच आधी प्रसिद्ध झालेला ठरतो. आपल्या पत्रातील ही एक सवय मात्र आजच्या आज बदला. लेख आधी साइटवर टाका, सर्च कन्सोलमधील यूआरएल तपासणीत तो पत्ता घालून इंडेक्स करण्याची, म्हणजे गूगलच्या सूचीत घेण्याची विनंती करा, पान इंडेक्स झाल्याची खात्री करून घ्या, आणि मगच फेसबुकवर दोन-चार ओळी आणि लिंक द्या. पूर्ण लेख फेसबुकवर वाचायची सवय असलेल्या आपल्या वाचकांना सुरुवातीला हे आवडणार नाही, तरी धीर धरा.

त्याच यूआरएल तपासणीत आणखी एक मोलाची गोष्ट कळते. तिथे दोन नोंदी असतात: आपण जाहीर केलेला कॅनॉनिकल पत्ता आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल पत्ता. आपल्या ६० लेखांचे पत्ते एकेक करून घाला आणि वहीत दोन रकाने आखून उतरवून काढा. काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे सारे त्यावरच ठरते. गूगलने निवडलेला पत्ता आपलाच असेल, तर आपले पान गटाबाहेर गेलेले नाही. ते केवळ क्रमवारीत मागे आहे आणि त्याचा इलाज वेगळा आहे. तिथे दुसऱ्याच साइटचा पत्ता दिसला, तर तो लेख तक्रारीच्या यादीत सर्वांत वर घ्या. आणि तिथे आपल्याच साइटचा पण भलताच पत्ता दिसला, तर दोष घरातला आहे.

हा घरातला दोष फार जणांकडे असतो. आमच्या अंकाचे संकेतस्थळ कितीतरी महिने ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय अशा दोन्ही पत्त्यांवर उघडत होते, वर छपाईसाठीचे वेगळे पान होते, आणि प्रत्येक लेखाचे आम्हीच चार पत्ते तयार करून ठेवल्याचे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. आपली साइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर एखादे साधे एसईओ प्लगइन (साइट शोधात नीट दिसावी यासाठीची जोडसुविधा) प्रत्येक लेखात कॅनॉनिकल टॅग आपोआप घालते. हा टॅग फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून स्वीकारला. बाकीचे पत्ते मुख्य पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्टने कायमचे वळवा. टॅग ही शोधयंत्राला केलेली सूचना आहे, आज्ञा नाही, म्हणून टॅग, रीडायरेक्ट, साइटमॅप आणि आतल्या लिंका या सर्वांनी एकाच पत्त्याकडे बोट दाखवले पाहिजे. क्रॉलरने काय वाचू नये ते सांगणारी रोबोट्स फाइल असते; जास्तीची पाने तिच्यात अडवू नका. अडवलेले पान यंत्राला वाचताच येत नाही, मग ते नक्कल आहे हे तरी त्याला कसे कळावे?

भीती पसरली त्यालाही कारण आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाने ओळखला जाणारा बदल आणला आणि अमेरिकेतील जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल हलले. इकडून-तिकडून मजकूर ओतून पाने वाढवणाऱ्या साइटना त्याचा फटका बसला. मार्च २०२४ मध्ये शोधात वर येण्यासाठी ढिगाने पाने काढणाऱ्यांविरुद्ध नियम आणखी कडक झाले. पण हे सारे नक्कल करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे. स्वतः बाजारात उभे राहून जुडी उलटी-पालटी करून पाहणाऱ्या बाईने त्याला भिण्याचे कारण नाही. उलट, आपण ते ३०० लेख कुणा तिऱ्हाइताकडून ‘नव्याने’ लिहून घेतले, तर आपली साइटच ढिगाने पाने काढणाऱ्यांत जाऊन बसेल.

आता काकडीबद्दल. आपल्याला सर्वांत जास्त हेच लागले हे योग्यच आहे, आणि माझ्या मतेही पहिले काम हेच आहे. ज्यांनी शेवळ खाल्लेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेवळ हे सुरणाच्या कुळातले, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि त्यांची खाज नीट मोडली नाही तर घसा आणि जीभ खवखवून निघते. म्हणून बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडांचा वाटा मागून घेतात. काकड हे एका झाडाचे छोटे, आंबट, हिरवे फळ आहे आणि त्याचा रस भाजीत घातल्याने खाज मोडते. त्या जागी काकडी घालून कुणी भाजी केली, तर ती करणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा घसा धरेल. मोठ्या पोर्टलवर, पहिल्या क्रमांकावर, असा मजकूर उभा आहे. शब्द फिरवणाऱ्या यंत्राला किंवा माणसाला ‘काकड’ ठाऊक नव्हता, त्याने जवळचा शब्द बसवला. ही चूक आपल्या मालकीचा उत्तम पुरावाही आहे, पण ती दुरुस्त करून घेणे पुराव्यापेक्षा तातडीचे आहे.

तरी पत्र धाडण्याआधी अर्धा दिवस पुराव्याला द्या, कारण पत्र पोहोचताच पान बदलू शकते. त्यांच्या प्रत्येक पानाचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्यांचे पान आणि आपले पान दोन्ही जतन करा आणि तिथे आपल्या लेखाची जुनी प्रत आधीच साठलेली आहे का तेही पाहा. छायाचित्रांच्या मूळ फाइली आणि फेसबुकवरील मूळ नोंदींचे दुवे एका जागी ठेवा. आणखी उचललेले लेख शोधायचे असतील तर आपल्या लेखातील एखादे लांब, खास आपले असे वाक्य अवतरण चिन्हांत घालून गूगलवर शोधा. निकालांच्या तळाशी ‘सारख्याच नोंदी वगळल्या आहेत’ अशी सूचना दिसली तर वगळलेले निकाल उघडून पाहा; नकला बहुधा तिथेच सापडतात.

मग पोर्टलच्या संपादकांना पत्र लिहा. भाषा सभ्य आणि थेट ठेवा: पहिल्या परिच्छेदात काकडीची चूक आणि तिचा धोका, दुसऱ्यात ६० लेखांची जोड्यांनी यादी, तिसऱ्यात मजकूर व छायाचित्रे काढून टाकण्याची मागणी आणि मुदत. आपले लेख हे कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संरक्षित आहेत; त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, लेख लिहिला त्या क्षणी हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. लेखक म्हणून आपले नाव असण्याचा हक्क कलम ५७ देते. इथे एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. ‘शेवळाच्या दोन जुड्या, दहा काकडे, एक वाटी सोडे’ अशा नुसत्या साहित्याच्या यादीवर कुणाचीही मालकी सांगता येणे कठीण आहे. हक्क आहे तो आपण ज्या शब्दांत ती कृती सांगितली त्यावर, आठवणींवर, निरीक्षणांवर आणि छायाचित्रांवर. तक्रारीत भर त्यावर द्या.

उत्तर आले नाही तर दोन वाटा आहेत, आणि दोन्ही एकदम चालता येतात. गूगलकडे कॉपीराइट उल्लंघनाची तक्रार करण्याचा फॉर्म आहे. त्यात आपल्या मूळ पानाचा पत्ता, नक्कल असलेल्या पानाचा पत्ता आणि नेमके काय उचलले त्याचे वर्णन द्यावे लागते. तक्रार ग्राह्य धरली तर ते पान शोधातून निघते, पोर्टलवरून निघत नाही. शिवाय ऑगस्ट २०१२ पासून एखाद्या साइटविरुद्ध अशा ग्राह्य तक्रारी किती येतात याचाही गूगल क्रमवारीत विचार करते, म्हणून ६० पैकी ६० लेखांची तक्रार करा, दोन-चारांवर थांबू नका. तक्रारीची प्रत ल्यूमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाकडे जाऊ शकते आणि खोटा दावा केल्यास तो अंगाशी येतो, तेव्हा जे निश्चित आपले आहे तेवढेच लिहा. दुसरी वाट होस्टिंग कंपनीची, म्हणजे पोर्टलची पाने जिच्या यंत्रांवर साठवलेली असतात तिची. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ यांनुसार दुसऱ्याचा मजकूर केवळ साठवणाऱ्या मध्यस्थाकडे रीतसर लेखी तक्रार गेली, तर त्याने पटल्यावर ३६ तासांच्या आत तो मजकूर २१ दिवसांसाठी बंद करावा अशी तरतूद आहे. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. इथपर्यंत यावे लागले तर एखाद्या वकिलांकडून मसुदा तपासून घ्या.

कुणी उजवी क्लिक बंद करणारे प्लगइन सुचवील. ते बसवू नका. चोराला त्याची अडचण होत नाही. आपली पाककृती उतरवून घेऊन आईला पाठवणाऱ्या वाचकाला होते.

दिवाळी अंकाच्या बाबतीत आपले काही चुकलेले नाही. परवानगीने छापलेला लेख ही चोरी नव्हे आणि त्याने आपल्या साइटला कमीपणाही येत नाही. मात्र त्या दोन लेखांसाठी अंकाची साइट वर येईल एवढी शक्यता राहते. पूर्वी अशा वेळी दुसऱ्या साइटने आपल्या पानाकडे निर्देश करणारा कॅनॉनिकल टॅग घालावा असे सुचवले जाई; गूगल ते डिसेंबर २००९ पासून मानत होते. पण दोन साइटवरील पाने एकूण रचनेत बरीच वेगळी असल्याने तो टॅग अनेकदा पाळला जात नाही, आणि २०२३ मध्ये गूगलने स्वतःच सल्ला बदलला: मजकूर पुन्हा छापणाऱ्याने स्वतःच्या पानावर ‘हे पान शोधात घेऊ नका’ असे सांगणारा नोइंडेक्स टॅग लावावा. अंकाच्या संपादकांना तसे विनवून पाहा. त्यांना ते नको असेल, आणि बहुतेक नकोच असेल, तर लेखाच्या सुरुवातीला आपले नाव आणि मूळ लेखाची चालू लिंक एवढे तरी अवश्य मागा. पुढच्या वेळी लेख देताना, आपल्या साइटवर तो येऊन महिना झाल्यावरच वेबवर घ्यावा, ही अट आधीच घाला. दिवाळी अंकांचे संपादक अशा गोष्टी समजून घेतात, विचारावे मात्र लागते.

राहिली भाचीची भाषांतरे. ती जरूर साइटवर ठेवा. एकाच लेखाच्या दोन भाषांतील आवृत्त्यांना गूगल नक्कल मानत नाही. फक्त मेनू आणि शीर्षक इंग्रजी आणि लेख मराठीतच, असे पान असेल तरच ते नक्कल ठरते. प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या आणि दोन्ही पानांत भाषा सांगणाऱ्या एचरेफलँग टॅगने एकमेकींची ओळख करून द्या. इंग्रजी पानाचा कॅनॉनिकल टॅग इंग्रजी पानाकडेच असू द्या, मराठीकडे नको, नाहीतर भाचीची मेहनत शोधात दिसणारच नाही. आणि तिला एवढे सांगा की काकडाला इंग्रजी नाव शोधत बसू नये. ‘काकड’ हाच शब्द ठेवावा, त्याचे शास्त्रीय नाव गरुगा पिनाटा असे सोबत लिहावे, आणि शेजारी जुडीबरोबर ठेवलेल्या त्या हिरव्या फळांचे आपणच काढलेले छायाचित्र द्यावे.